मखरातली मायबोली

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला; आणि त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ या तीन दिवसांत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९८ वे अधिवेशन आपल्या या दिल्लीत तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे संमेलन झाले होते व पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले होते. त्यानंतर सत्तर वर्षे लोटली, आणि डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली तो योग पुन्हा जुळून आला. राजधानीतील मराठी माणसाने या दोन्ही गोष्टींचा आनंद मानावा हे सर्वस्वी योग्यच होय. फेटे बांधले गेले, लेझीम खेळले गेले, ग्रंथदिंडी निघाली. त्यांत आम्हांस यत्किंचितही वावगे दिसत नाही.

वावगे दिसते ते त्यानंतर ऐकू येऊ लागलेल्या एका युक्तिवादात. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम येथील आपल्या मंडळांतून, शिकल्यासवरल्या, हुद्देदार मंडळींच्या तोंडून तो हल्ली निर्धास्तपणे मांडला जातो. युक्तिवाद असा : ‘भाषा हे अस्मितेचे प्रतीक आहे. ते प्रतीक आता सरकारदरबारी मान्य झाले. तेव्हा आपली मुले मराठी लिहीत नाहीत, वाचत नाहीत, धड बोलतही नाहीत, याचा शोक कशाला? मराठी ती राहणारच. राष्ट्रीयत्व काय किंवा प्रांतीयत्व काय, ते मनात असते. जिभेवर असलेच पाहिजे असे नाही.’ आणि यावर कळस म्हणून वेल्सचा दाखला देण्यात येतो. वेल्समध्ये शंभरांतील ऐंशीहून अधिक माणसांना वेल्श भाषा येत नाही, तरी ती सगळी स्वतःस अभिमानाने वेल्श म्हणवितात. मग आपणच का जिवाला घोर लावून घ्यावा?

हा युक्तिवाद आम्हांस सर्वथा घातक वाटतो. आणि ज्या वेल्सचा दाखला देऊन तो सजविला जातो, त्या वेल्सनेच तो खोडून काढला आहे, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेला, आपल्या कोणत्याही महसुली विभागाहून लहान असा डोंगराळ देश. १५३६ च्या कायद्याने तेथील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. इतकेच नव्हे, तर वेल्श भाषा वापरणाऱ्यास सरकारी अधिकारपद मिळू नये असेही त्यात लिहिले गेले. म्हणजे या भाषेवरचा पहिला घाव पडला तो नोकरीच्या दारात. नोकरदार वाचकांनी याची नोंद घ्यावी. तरीही भाषा मेली नाही. कारण १५८८ साली बिशप विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्श भाषेत उतरविले, आणि कचेरीतून हाकललेली भाषा देवळात व घरात टिकून राहिली. पुढे १८४७ मध्ये सरकारी चौकशी मंडळाने ही भाषा म्हणजे प्रगतीच्या मार्गातील धोंड असल्याचा अहवाल दिला, शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकविण्याचा प्रघातही होता. तरी १९११ च्या जनगणनेत शंभरांतील त्रेचाळीसांहून अधिक लोक वेल्श बोलत होते. १९६१ साली ते प्रमाण सव्वीसांवर आले.

चारशे वर्षांच्या कायद्याने जे झाले नाही, ते पन्नास वर्षांत कसे झाले? कारणे अनेक होती. कोळशाच्या खाणींभोवती झालेली इंग्रजी वस्ती होती, महायुद्धे होती, रेडिओ होता. परंतु एक कारण असे होते की ज्याचा दोष कोणत्याही परकीयास देता येत नाही. आईबापांनी आपल्या मुलांशी वेल्श बोलणे सोडले. मुलाने वर चढावे, त्याच्या उच्चारास कोणी हसू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. डिलन टॉमस या विख्यात कवीचे उदाहरण पाहावे. त्याचे आई व वडील दोघेही वेल्श जाणणारे. वडील स्वान्सी येथील शाळेत इंग्रजीचे शिक्षक. त्यांनी पुत्राचे नाव ठेवले ते वेल्श भाषेतील प्राचीन कथांतून निवडून. मधले नावही घराण्यातील एका वेल्श कवीच्या टोपणनावावरून घेतले. मात्र भाषा दिली नाही! पुत्र इंग्रजीत थोर कवी झाला हे खरे. परंतु ज्या कथांतून त्याचे नाव आले, त्या त्याला मूळ भाषेत वाचता येत नव्हत्या.

वाचकहो, आपल्या वसाहतींतील मुलांची नावे जरा डोळ्यांपुढे आणा. शर्विल, अन्विता, ज्ञानेश्वरी, शिवांश. निवडताना केवढा साक्षेप! बारशाला पाटा-वरवंट्यापासून घुगऱ्यांपर्यंत सारे यथासांग. आणि ती ज्ञानेश्वरी सातव्या वर्षी आजीच्या पत्रातले अक्षर पाहून विचारते की हे हिंदी असे चमत्कारिक का लिहिले आहे. तेव्हा नाव मराठी ठेवले म्हणजे भाषेचे ऋण फिटले, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की टॉमस मास्तरांचा हिशेबही नेमका असाच होता.

आता वेल्सने यावर काय केले ते पाहू. दाखला देणारे हा भाग सोयीस्करपणे गाळतात. १९५२ साली लानेली भागातील एका खेड्यात ट्रेफर बीझली नावाचा खाणकामगार आणि त्याची शिक्षिका पत्नी आयलीन यांनी घरपट्टीचे इंग्रजी मागणीपत्र परत पाठविले. पट्टी देण्यास त्यांची ना नव्हती. मागणी वेल्श भाषेत करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना डझनाहून अधिक वेळा न्यायालयात उभे राहावे लागले, घरातील सामानसुमान वारंवार जप्त होऊन गेले. आठ वर्षांनी, १९६० मध्ये, परिषदेने द्विभाषी कागद काढला. सॉन्डर्स लुईस या नाटककाराने १३ फेब्रुवारी १९६२ रोजी नभोवाणीवर ‘भाषेचे भवितव्य’ या विषयावर व्याख्यान दिले, त्यात याच जोडप्याचा आदर्श पुढे ठेवला. त्याचे सांगणे असे की, हीच गती राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा म्हणून संपेल. आणि ती वाचवावयाची असेल तर तिच्यावाचून सरकारी कारभार चालणे अशक्य करून सोडले पाहिजे. त्याच वर्षी भाषेसाठी लढणारी तरुणांची संस्था उभी राहिली. १९६७ व १९९३ चे कायदे झाले, १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाहिनी आली, २०११ मध्ये भाषेस अधिकृत दर्जा मिळाला. ज्यांना स्वतःला वेल्श येत नव्हते अशा आईबापांनीही आपली मुले वेल्श माध्यमाच्या शाळांत घातली.

म्हणजे ज्यांना भाषा येत नाही ते वेल्श लोक स्वस्थ बसून स्वतःस वेल्श म्हणवीत राहिले, हे चित्रच खोटे आहे. भाषा हे राष्ट्राचे चिन्ह होय असे त्यांना वाटले, म्हणूनच ती मुलांच्या जिभेवर परत यावी यासाठी त्यांनी खटाटोप केला. आपली मंडळी मात्र चिन्हाचा अर्थ उलटा लावतात : चिन्ह आहे, तेव्हा खटाटोप नको!

आणि एवढा खटाटोप करूनही काय घडले? २०११ मध्ये अधिकृत दर्जा मिळाला. त्या वर्षीच्या जनगणनेत वेल्श बोलणारे शंभरात एकोणीस होते. २०२१ च्या जनगणनेत ते १७.८ वर उतरले. सुमारे ५ लाख ३८ हजार माणसे. घट प्रामुख्याने मुलांमध्ये दिसली. दर्जा आला आणि आकडा घटला! ‘अभिजात’ हा शब्द ऐकून ज्यांची झोप अधिकच गाढ झाली आहे, त्यांनी हा आकडा उशाशी लिहून ठेवावा. दर्जामुळे अभ्यासकेंद्रे निघतील, हस्तलिखितांचे जतन होईल, विद्वानांचा गौरव होईल. हे सर्व इष्टच आहे. परंतु द्वारकेच्या सदनिकेत जेवणाच्या टेबलावर कोणती भाषा बोलली जावी, हे कोणतेही मंत्रिमंडळ ठरवीत नसते.

येथे कोणी म्हणेल की वेल्श पाच लाखांची आणि मराठी कोट्यवधींची. तुलना अप्रस्तुत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. हिंदी व बंगालीच्या खालोखाल तिसरा क्रमांक. ठीक. पण ते आठ कोटी आपल्या शेजारी राहावयास येत नाहीत. भाषा मरते ती देशाच्या बेरजेत नव्हे, घराच्या बेरजेत. दिल्लीतील मराठी घरास साताऱ्यातील लाखो मराठी घरांचा आधार असतो तो केवळ मनाचा. तिसऱ्या पिढीत तोही उरत नाही.

याचा पुरावा पाहण्यास फार दूर जावयास नको. पानिपत व कर्नाल हे जिल्हे आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. त्या भागात रोड समाजाची मोठी वस्ती आहे. आपण १७६१ च्या पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असे त्या समाजातील पुष्कळ लोक मानतात, आणि १४ जानेवारीला काला आम येथे वीरांच्या स्मरणार्थ श्रद्धेने जमतात. या वंशकथेबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादात आम्ही शिरत नाही. त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत. परंतु ‘भाषेवाचूनही अस्मिता राहते’ असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट दाखला हाच, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. होय, अस्मिता राहते. पण मराठीशी तिचा व्यवहार भाषांतरानेच चालतो. त्या सभेत महाराष्ट्रातून गेलेला वक्ता हिंदीत बोलतो, कारण मराठीत बोलला तर ऐकणारा कोणी नसतो. युद्धाने आणि दारिद्र्याने ज्यांची भाषा हिरावली असेल त्यांस आपण दोष देणार नाही. आपल्यावर मात्र कोणते पानिपत ओढवले आहे? भत्ता वेळेवर, रजा-प्रवास सवलत वेळेवर, पुण्यास सकाळचे विमान!

दुसरा आक्षेप बदलीच्या नोकरीचा. ‘आज दिल्ली, उद्या गुवाहाटी, परवा चंदीगढ, मुलांनी मराठी शिकावी तरी कोठे?’ या आक्षेपास उत्तर राजधानीतच उभे आहे. येथे येऊन कारकुनी करणाऱ्या मद्रासकडील मंडळींनी १९२३ मध्ये आपल्या मुलांसाठी शाळा काढली. आज दिल्ली तमिळ शिक्षण संस्थेच्या सात शाळा या शहरात चालतात व त्यांत तमिळ शिकविले जाते. ती मंडळी आपल्यासारखीच सरकारी चाकरीतली होती. आपल्यातही पूर्वजांनी पहाडगंजात नूतन मराठी शाळा उभारली, शेजारी बृहन्महाराष्ट्र भवन उभारले. प्रश्न पूर्वजांचा नाही. त्यांनी आपले काम केले. तमिळ गृहस्थ बदलून आला की शाळेचा पत्ता विचारतो. मराठी गृहस्थ बदलून आला की महाराष्ट्र सदनातील वडापाव कोणत्या वेळी मिळतो ते विचारतो. आम्हांस वडापाव निषिद्ध नाही. पण तेवढ्यावर संस्कृती तगत असती तर वेल्श लोकांनी शाळा न काढता पाकगृहेच काढली असती.

कारकुनाने काय करावे, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी आणखी एक वेल्श कारकून सांगतो. रिचर्ड मॉरिस हा अँगलसी बेटावरचा. लंडनच्या नौदल कचेरीत तो कारकून होता. कचेरीचे काम इंग्रजीत, शहर इंग्रजी, वरिष्ठ इंग्रज. त्याने १७५१ मध्ये लंडनमधील वेल्श मंडळींची एक संस्था स्थापिली आणि १७४६ व १७५२ च्या वेल्श बायबलाच्या आवृत्त्यांच्या छपाईवर देखरेख केली. दिवसा जहाजांचे हिशेब, रात्री मायबोलीची मुद्रिते! त्याच लंडनमध्ये १९५८ पासून परगावी राहणाऱ्या वेल्श मुलांसाठी त्यांच्या भाषेची शाळा चालते. राजधानीत राहून भाषा सोडावीच लागते, हा निसर्गनियम नव्हे. ती आळसाने पडलेली सवय आहे.

आणि आपणांस तर बीझली दांपत्यासारखी जप्तीही सोसावयाची नाही. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघाच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क दिला आहे. ३५० क हा अनुच्छेद १९५६ मध्ये आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा यत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील उत्तरे मराठीतून लिहिता येतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या विषयसूचीत मराठी आहे. केंद्रीय विद्यालयांतही पुरेशा पालकांनी मागणी केल्यास मातृभाषेच्या अध्यापनाची जादा व्यवस्था करण्याची तरतूद आहे. आपण दिवसभर नियम, परिपत्रके आणि उपकलमे चाळणारी माणसे. घरभाड्याच्या नियमातील पळवाट ज्यांना तोंडपाठ असते त्यांना ३५० वा अनुच्छेद ठाऊक नसावा, हे नवल नव्हे काय? एका वसाहतीतील वीस मराठी पालकांनी एकत्र सही करून मुख्याध्यापकांकडे मराठीची मागणी केली, असे आमच्या पाहण्यात तरी अद्याप आलेले नाही. गणपतीच्या वर्गणीसाठी मात्र तीच वीस घरे एका संध्याकाळी पालथी घातली जातात.

तिसरा आक्षेप संकुचितपणाचा. ‘आपण अखिल भारतीय सेवेतील माणसे, भाषेचा अभिमान म्हणजे प्रांतीयता.’ ज्यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडले त्या चिंतामणराव देशमुखांस संकुचित म्हणण्यास कोणाची जीभ धजेल? आमचे भांडण हिंदीशी नाही. तिच्यावर आमची रोजीरोटी चालते, आणि ती आमच्या मुलांस उत्तम यावी. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा प्रश्न पेटला व २९ जून २०२५ रोजी शासनाने ते निर्णय मागे घेतले, तेव्हा येथील कित्येकांनी मराठीचा विजय म्हणून पेढे वाटले. त्याच सुमारास मीरा रोड येथे मराठी न बोलणाऱ्या दुकानदारास मारहाण झाली, तिचेही समर्थन काहींनी केले. आम्ही त्यांस एवढेच विचारतो : दुकानदाराने मराठी बोलावे असा आग्रह धरणाऱ्याचा मुलगा मराठी बोलतो काय? बीझली दांपत्याने शेजाऱ्याच्या कानशिलात लगावली नाही. त्यांनी स्वतःच्या घरातील खुर्च्या जप्तीत जाऊ दिल्या. भाषाभिमानाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करावयाची की स्वतः मोजावयाची, यावरच अभिमान आणि दांडगाई यांतील भेद ठरतो.

भाषेस प्रतीक म्हणण्यास आमची हरकत नाही. प्रतीक म्हणून तिला मखरात बसविण्यास हरकत आहे. मखर सुंदर असते, रोषणाई असते, आरत्या होतात. पण मखरात बसविलेल्या मूर्तीचे विसर्जन कोणत्या दिवशी करावयाचे हे स्थापनेच्या दिवशीच ठरलेले असते. घरात रोज वापरात असलेल्या तांब्याभांड्यांचे विसर्जन कोणी करीत नाही. मराठी ही आपल्या घरात त्या तांब्यासारखी असावी. थोडी पोचे पडलेली, जरा काळवंडलेली, पण तहान लागली की हाताशी येणारी.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. मुलांशी घरात मराठीच बोलावे, त्यांनी उत्तर हिंदीत दिले तरी. आठवड्यातून चार ओळी त्यांच्याकडून आजी-आजोबांस मराठीत लिहवून घ्याव्यात. मंडळाची निमंत्रणे रोमन लिपीत धाडणे बंद करून देवनागरीत धाडावीत, व इतिवृत्त मराठीत ठेवावे. आपल्या मुलांच्या शाळेत मराठी विषयाची लेखी मागणी सामुदायिकरीत्या करावी. यातील एकाही गोष्टीस अनुदान लागत नाही, की वरिष्ठांची मंजुरी लागत नाही.

१ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविलेल्या जनगणनेत पूर्वीप्रमाणेच मातृभाषेची नोंद करावयाची आहे. आपल्या घरातील प्रत्येक व्यक्तीपुढे ‘मराठी’ हा शब्द लिहिला जाईल याविषयी आम्हांस शंका नाही. त्या बाबतीत दिल्लीचा मराठी माणूस काडीमात्र चुकणार नाही. प्रगणक पुरावा मागत नाही. तो लिहून घेतो आणि पुढच्या दारी जातो. पुरावा मागील तो त्यापुढच्या जनगणनेचा काळ. तेव्हा त्या रकान्यात काय लिहावयाचे हे आपली मुले ठरवतील. त्यांनी ‘मराठी’ असेच लिहावे, आणि ते लिहिताना तो शब्द त्यांना देवनागरीतून वाचता यावा, एवढ्यासाठी आज संध्याकाळी कचेरीतून घरी गेल्यावर आपण कोणत्या भाषेत तोंड उघडतो, ते पाहावे.